कॉम्प्युटरच्या किमतीची पट्टी



बाजार समितीत कांदा विकून घरचं माणूस परतलं की आपण आधी पट्टी मागतो. भाव काय लागला, हमाली किती गेली, तोलाई किती, वाराई किती, आणि हातात किती आले. पट्टी नेप्तीची असो, घोडेगावची असो की राहात्याची, नगर जिल्ह्यातल्या बाईला ती वाचता येते. एके काळी त्याच पट्टीत आडतही कापलेली असायची. २०१६ साली सरकारने फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. मधल्या माणसाचा वाटा कुणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

पण आपण विकणाऱ्या असतो तेव्हा एवढ्या बारकाईने बघतो, आणि विकत घ्यायला जातो तेव्हा? आज बऱ्याच गटांमध्ये कॉम्प्युटर घेण्याची चर्चा आहे. कुणाला सेवा केंद्र सुरू करायचं आहे, कुणाला मसाल्याच्या आणि पापडाच्या पाकिटांची बिलं काढायची आहेत, कुणाला ग्रामसंघाचे हिशोब ठेवायचे आहेत. गावात तर कॉम्प्युटर कधीच येऊन बसला. २०११ पासून संग्राम प्रकल्पातून तो ग्रामपंचायतीत आला. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि सोसायटीच्या टेबलावरही तो आला. आता तो गटाच्या पैशातून यायचा आहे. ते पैसे आठवड्याला वीस-पन्नास रुपये टाकून जमलेले आहेत. म्हणून आज आम्ही कॉम्प्युटरच्या किमतीची पट्टी मांडणार आहोत. किंमत कशी ठरली, कशी उतरली आणि तिच्यात कुणाकुणाचा वाटा होता, त्याची ही गोष्ट.

सुरुवात करू एकच दुकान असण्याच्या काळापासून. आयबीएम ही अमेरिकेची कंपनी कॉम्प्युटरच्या धंद्यात जगात सगळ्यात मोठी होती. भारतातही तिचीच यंत्रं चालायची. मग आपल्या सरकारने परदेशी कंपन्यांवर भांडवलाची अट घातली. आयबीएमला ती मान्य झाली नाही आणि १९७८ साली तिने भारत सोडला. तोवर इथल्या कंपन्या उभ्या राहू लागल्या होत्या. दिल्लीत १९७६ साली एचसीएल निघाली, मुंबईत १९८० साली झेनिथ, पुढे विप्रोही या धंद्यात आली. पण परवाना लागायचा, सुटे भाग बाहेरून आणायचे तर भरमसाट आयात कर होता, आणि माल बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असं असलं की घेणाऱ्याला घासाघीस करायला जागाच राहत नाही. कॉम्प्युटर तेव्हा मोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी खात्यांपुरताच होता. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं. आयात सैल झाली, कर उतरले. किंमत खाली यायला इथून वाट मिळाली.

तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं तेही बघू, कारण पुढे जे आपल्या तालुक्यात घडलं त्याचं मूळ तिथे आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने टेबलावर मावणारा कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यालाच लोक पीसी म्हणू लागले. साध्यातल्या साध्या पीसीची किंमत १,५६५ डॉलर होती. आयबीएमला घाई होती, म्हणून तिने सगळे भाग स्वतः बनवले नाहीत. आतला मेंदू, म्हणजे प्रोसेसर, इंटेलकडून घेतला. यंत्र चालवणारा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून घेतला. विकायलाही बाहेरची दुकानं घेतली. शिवणयंत्राचं उदाहरण घ्या. सुई, बॉबिन, पट्टा हे सगळं कुठल्याही दुकानात मिळायला लागलं की कुणीही कारागीर मशीन जोडून देऊ शकतो. पीसीचं तसंच झालं. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं त्यात फार थोडं उरलं होतं. यंत्र सुरू करणारा आतला एक छोटा प्रोग्रॅम तेवढा तिचा होता. १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक नावाच्या कंपनीने त्याची नक्कल केली नाही, पण अगदी तसंच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम स्वतः लिहून काढला. दुसऱ्याच वर्षी तिचा कॉम्प्युटर बाजारात आला. मग एकामागून एक कंपन्या तेच करू लागल्या. आयबीएमचा कॉम्प्युटर नको असेल तर तसाच दुसरा मिळत होता. गिऱ्हाइकाला आणखी दारं उघडली होती.

आता येऊ दुकानदाराच्या वाट्याकडे. टेक्सासमध्ये मायकेल डेल नावाचा कॉलेजातला मुलगा कॉम्प्युटर खोलून बघायचा. त्याने हिशोब मांडला तो असा. दुकानात आयबीएमचा पीसी साधारण ३,००० डॉलरला मिळतो. दुकानदाराला तो पडतो साधारण २,००० ला. आणि आतले भाग सुटे घेतले तर येतात ६०० ते ७०० डॉलरला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या शंभरातले तेहतीस दुकानदाराकडे राहत होते आणि भागांची किंमत पुरती चोवीसही नव्हती. दुकानदाराने तेवढं घेऊन शिकवलं असतं, दुरुस्त करून दिलं असतं, तर गोष्ट वेगळी. पण डेलचं म्हणणं असं की बऱ्याच दुकानांत विकणाऱ्यालाच त्यातलं काही कळत नव्हतं.

त्याने आणखी एक गोष्ट हेरली. आयबीएम दुकानदारांच्या गळ्यात महिन्याचा ठरावीक माल बांधायची. खपला नाही तर तो पडून राहायचा. असा पडलेला माल हा मुलगा पडत्या भावात उचलायचा, त्यात सुधारणा करायचा आणि स्वस्तात विकायचा. १९८४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने हजार डॉलरवर कंपनी काढली. मधला दुकानदार वगळून, फोनवर ऑर्डर घेऊन थेट गिऱ्हाइकाला माल पाठवायचा, ही तिची पद्धत. कंपनी जगातल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. पण गंमत अशी की २००७ साली त्याच कंपनीने अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या दुकानांतही आपला माल मांडला. लोकांना वस्तू हातात घेऊन बघायची असते, अडलं तर विचारायला माणूस हवा असतो. मधला माणूस नुसता काढून टाकला म्हणजे त्याचं काम संपतं असं नाही. ते काम कुणालातरी करावंच लागतं, आणि त्याचे पैसेही कुणालातरी द्यावेच लागतात.

आता आपल्याकडे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार भरभराटीला आला. कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, हार्ड डिस्क तिसऱ्या, आणि जोडून दिलेला कॉम्प्युटर तयार. याला नाव पडलं असेम्बल्ड. कंपनीच्या कॉम्प्युटरपेक्षा तो बराच स्वस्त पडायचा. हार्डवेअरचा कोर्स केलेल्या पोरांनी तालुक्याच्या गावी एका गाळ्यात दुकान टाकायचं, मुंबई-पुण्याहून भाग आणायचे आणि कॉम्प्युटर जोडून द्यायचे, असं गावोगाव सुरू झालं. देशात विकल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरांत एके काळी या असेम्बल्ड मालाचा वाटा फार मोठा होता.

हा माल स्वस्त का पडायचा? जाहिरातीचा खर्च नव्हता आणि मोठ्या कंपनीचं मार्जिन नव्हतं, हे खरं. पण पुष्कळ ठिकाणी बिलही नसायचं, म्हणजे सरकारचा कर बुडालेला असायचा. विंडोज चोरून टाकलेली असायची. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. दुकानदार चांगला असेल तर तो शब्द कंपनीच्या कागदापेक्षाही पक्का ठरे, कारण तो गावातलाच होता, रात्री फोन केला तरी यायचा. चांगला नसेल तर काहीच हातात नसे. स्वस्ताई दोन प्रकारची असते, हे यातून दिसतं. एक खर्च खरोखर वाचल्यामुळे येते. दुसरी आपल्या सुरक्षिततेतून कापून घेतलेली असते.

या असेम्बल्डवाल्यांमुळे मोठ्या कंपन्यांना भाव उतरवावे लागले. १९९२ मध्ये आयबीएम टाटांबरोबर भारतात परत आली, इतर परदेशी कंपन्याही आल्या. १९९७ साली भारत एका जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरवरचा आयात कर शून्यावर आला. आपल्या राज्यात मागणीही एकदम वाढली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला. तालुक्यातालुक्यात क्लास निघाले आणि प्रत्येक क्लासला ओळीने कॉम्प्युटर लागले. पाथर्डी, जामखेड, अकोल्यासारख्या ठिकाणच्या किती मुलींनी माउसला पहिला हात तिथे लावला असेल! घरात घ्यायची ऐपत नव्हती, पण तासाच्या हिशोबाने वापरता आला.

२००५ मध्ये एचसीएलने ९,९९० रुपयांचा कॉम्प्युटर आणला. त्यात विंडोज नव्हती, फुकट मिळणारी लिनक्स होती. दहा हजारांच्या आतला कॉम्प्युटर म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०११ साली सरकारने आकाश टॅब्लेट आणला, सरकारला तो साधारण २,२७६ रुपयांना पडत होता. दोन्हींकडून लोकांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. पण नुसती किंमत कमी असून वस्तू टिकत नाही. ती वेगाने चालली पाहिजे, बिघडली तर दुरुस्त झाली पाहिजे. आकाशच्या वेगाबद्दल आणि बॅटरीबद्दल खूप तक्रारी झाल्या.

या चढाओढीत जिंकलं कोण आणि हरलं कोण? घेणाऱ्याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण खुद्द आयबीएमने २००५ साली आपला पीसीचा धंदा चीनच्या लेनोवो कंपनीला विकला. आपल्याकडच्या विप्रोने आणि एचसीएलने २०१३ मध्ये कॉम्प्युटर बनवणं थांबवायचं ठरवलं. झेनिथही बाजारातून गेली. भाव इतका खाली आला की बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला फार थोडं सुटू लागलं. आज कंपनीचा कॉम्प्युटर मोठ्या वितरकाकडून लहान वितरकाकडे आणि तिथून तालुक्याच्या दुकानात येतो. नुसत्या यंत्रावर दुकानदाराला शंभराला तीन-चार-पाच रुपये सुटतात, असं या धंद्यातले लोक सांगतात. कुठे तेहतीस आणि कुठे चार!

एक हिशोब करून बघा. समजा, गटाने ३५,४०० रुपयांचा कॉम्प्युटर घेतला. त्यातले ५,४०० रुपये जीएसटी, कारण कॉम्प्युटरवर १८ टक्के कर आहे. उरले ३०,०००. त्यावर चार टक्के धरले तर दुकानदाराचे बाराशे. त्यातून गाळ्याचं भाडं, लाइट बिल, कामावरच्या पोराचा पगार. शिवाय कॉम्प्युटर म्हणजे एक प्रकारची भाजीच. नवीन मॉडेल आलं की पडून असलेल्याचा भाव उतरतो. शाळेने, संस्थेने घेतला तर पैसे महिनोन् महिने अडकतात.

मग दुकान चालतं कसं? मार्जिन नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. पहिली जागा म्हणजे टार्गेट. कंपनी दुकानदाराला तीन महिन्यांत इतके नग विकण्याचं टार्गेट देते आणि ते पुरं झालं तर वर आणखी टक्का-दोन टक्के देते. त्यामुळे तिमाही संपत आली की दुकानदार सवलत द्यायला मोकळा असतो, आणि जे मॉडेल खपवायचं आहे तेच तुमच्यापुढे सरकवतो. दुसरी जागा प्रिंटर. प्रिंटर स्वस्तात मिळतो, पण त्याची शाई महाग असते. छोट्या कार्ट्रिजचा प्रिंटर घेतला आणि सेवा केंद्रात दिवसाला पन्नास कागद छापायचे असले, तर प्रिंटरची किंमत थोड्याच महिन्यांत शाईने वसूल होते. तिसरी जागा म्हणजे बरोबर दिलेल्या वस्तू: पिशवी, अँटीव्हायरस, वाढीव वॉरंटी, स्टॅबिलायझर. मोठ्या यंत्रावर चार टक्के आणि या बारक्या वस्तूंवर त्याच्या किती तरी पट. यात दुकानदार लबाडच असतो असं नाही, त्यालाही घर आहे. पण कुठे किती जातं ते आपल्याला माहीत हवं.

वॉरंटीवरूनही मोठी भांडणं झाली आहेत. २०१६ मध्ये इंटेलने धोरण केलं की परदेशात विकलेला प्रोसेसर कुणी भारतात आणला, तर त्याची वॉरंटी भारतात मिळणार नाही. वॉरंटी हवी तर कंपनीने नेमलेल्या इथल्या वितरकाकडून घेतलेलाच माल हवा. दिल्लीच्या एका व्यापारी कंपनीने तक्रार केली की त्यामुळे बाहेरून स्वस्त आणणाऱ्यांची वाट बंद होते आणि इथल्या वितरकांना मनाला येईल तो भाव लावता येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ साली चौकशीचा आदेश दिला. बाजारात चढाओढ टिकावी, कुणी वाट अडवू नये, यासाठी हा आयोग आहे. दुसरं दार नुसतं असून चालत नाही, ते उघडं राहील याकडे लक्ष ठेवावं लागतं.

हे सगळं आपल्या जिल्ह्याला आधीच ठाऊक होतं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. ऊस पिकवणाऱ्याला स्वतःचं दुसरं दार हवं म्हणून तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला. १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, राज्यातला तो पहिला सहकारी साखर कारखाना. विकणाऱ्यांनी एकत्र येण्याची ती गोष्ट. घेणाऱ्यांनी एकत्र येण्याची गोष्टही महाराष्ट्रातलीच. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र करायची, सगळ्यांसाठी मिळून घाऊक खरेदी करायची आणि वाटून घ्यायची. मधला वाटा वाचला, कारण मधलं काम लोकांनी स्वतः वाटून घेतलं.

आणि तरीही कांद्याचं काय? २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, तर गिऱ्हाईक कांद्याला देतं त्या रुपयातले साधारण ३६ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. कॉम्प्युटरच्या दुकानदाराचा वाटा तेहतीसवरून चारवर आला, कारण घेणाऱ्याला पन्नास ठिकाणी जाता आलं आणि सगळीकडे तेच भाग, तीच वस्तू होती. कांदा काढलेल्या बाईला पन्नास ठिकाणी जाता येत नाही. ट्रॅक्टरचं भाडं भरून नेलेला माल परत आणायचा कसा? ज्याला दुसऱ्या दारी जाता येतं, भाव त्याचं ऐकतो. या सगळ्या इतिहासातून आपल्या गटांनी घ्यायचं ते एवढंच.

तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचा ठराव झाला तर आधी दुसरं दार स्वतः तयार करा. एका दुकानात ठरवून टाकू नका. तीन ठिकाणचं कोटेशन लेखी घ्या, त्यात कॉम्प्युटर, प्रिंटर, बाकीच्या वस्तू आणि जीएसटी हे वेगवेगळं लिहून मागा. तीच तुमची पट्टी. खोक्यावर छापलेली एमआरपी ही सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत असते, त्याच्या खाली बोलणी करता येतात. प्रिंटर घेताना त्याच्या किमतीआधी एका कागदाला शाई किती पडते ते विचारा. वॉरंटीसाठी सर्व्हिस कुठे आहे, तालुक्याला, नगरला की पुण्याला, हे लिहून घ्या. शे-दोनशे वाचवून बिघडलेला कॉम्प्युटर एसटीने पुण्याला नेण्यापेक्षा, घरी येऊन बघणाऱ्या जवळच्या दुकानदाराला चार पैसे जास्त दिलेले परवडतात. पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या आणि यंत्रावरचा नंबर बिलावर आहे ना, ते ताडून बघा. एका गटाला एक हवा असतो, पण प्रभागसंघात विचारलंत तर दहा गटांना हवा असेल. दहा नगांची मागणी घेऊन गेलात तर दुकानदाराचं टार्गेट पुरं होतं, आणि त्या टार्गेटातला वाटा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

फसवणूक झालीच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, माल कुठूनही घेतलेला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही. पण त्यासाठीही बिल लागतं.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि गटाने गेल्या वर्षी घेतलेल्या एखाद्या वस्तूचं बिल काढून बसा. मग ती शेवयांची मशीन असो, सतरंजी असो की तिजोरी. त्यात कुणाचा किती वाटा होता, ते मिळून शोधा. विकतानाची पट्टी आपण वाचतोच, घेतानाचीही वाचायला लागू.